भाड्याच्या भांडणातून जन्मलेल्या लिव्हरपूलचं ॲनफिल्ड ६१ हजारांचं कसं झालं?

२७ एप्रिल २०२५. आपल्याकडे रविवारची रात्र होती. लिव्हरपूलने टॉटनहॅमला ५-१ असं धुतलं आणि इंग्लंडच्या लीगचं विसावं विजेतेपद पक्कं केलं. मॅच संपली तरी स्टेडियममधून कुणी हलायला तयार नव्हतं.

त्याला कारण होतं. याआधीचं विजेतेपद २०२० मध्ये आलं होतं, पण तेव्हा करोना होता. जुलै महिन्यात खेळाडूंनी ट्रॉफी उचलली तेव्हा समोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच्याही आधीचं विजेतेपद थेट १९९० चं. म्हणजे भरलेल्या ॲनफिल्डमध्ये लीग जिंकल्याचा आनंद बघायला लिव्हरपूलच्या चाहत्यांना ३५ वर्षं थांबावं लागलं.

या ३५ वर्षांत स्टेडियम मात्र ओळखू येणार नाही इतकं बदललं. उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या. क्षमता ४५ हजारांवर आली आणि मग ६१ हजारांच्या वर गेली. मध्ये एकदा तर क्लब हे मैदान सोडूनच जाणार होता. या सगळ्यात शेजारच्या गल्ल्यांमधली कितीतरी घरं गेली.

ॲनफिल्ड नेमकं घडलं कसं, वाढलं कसं आणि या वाढीची किंमत कुणी मोजली, ते सविस्तर समजून घेऊया.

आधी हे मैदान एव्हर्टनचं होतं

आज लिव्हरपूल आणि एव्हर्टन एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. पण ॲनफिल्डवर पहिली मॅच खेळला तो एव्हर्टन. साल होतं १८८४. तेव्हा लिव्हरपूल नावाचा क्लबच अस्तित्वात नव्हता.

मैदान एव्हर्टनला मिळवून देण्यात जॉन हौल्डिंग या माणसाचा मोठा हात होता. हा गडी बिअरचा कारखानदार, शहराच्या राजकारणातलं वजनदार नाव आणि एव्हर्टनचा अध्यक्ष. मैदानाजवळच त्याचं सँडन नावाचं हॉटेल होतं. एव्हर्टनचे खेळाडू कपडे बदलायला तिथेच जायचे. म्हणजे मॅच बघायला येणारी गर्दी आपसूक हौल्डिंगची बिअर प्यायची.

पुढे मैदानाची जागा हौल्डिंगच्या मालकीची झाली आणि भाडं वाढायला लागलं. काही वर्षांतच ते १०० पौंडांवरून २५० पौंडांवर गेलं. क्लबमधल्या दुसऱ्या गटाला हे पटेना. त्यात दारूच्या धंद्याला विरोध करणारी, चर्चशी जोडलेली मंडळीही होती. वाद इतका चिघळला की १८९२ मध्ये एव्हर्टनने आपला बाडबिस्तरा उचलला आणि स्टॅनले पार्क या बागेच्या पलीकडे गुडिसन पार्क हे स्वतःचं मैदान उभारलं. दोन्ही मैदानांतलं अंतर एका मैलापेक्षाही कमी.

आता हौल्डिंगकडे मैदान होतं, पण खेळायला टीम नव्हती. मग त्याने नवीन क्लबच काढला. आधी एव्हर्टनचंच नाव वापरायचा प्रयत्न झाला, पण ते मान्य झालं नाही. शेवटी नाव ठरलं लिव्हरपूल फुटबॉल क्लब. खेळाडू बहुतेक स्कॉटलंडहून आणले. १ सप्टेंबर १८९२ ला या क्लबने ॲनफिल्डवर रॉदरहॅम टाऊनविरुद्ध पहिली मॅच खेळली आणि ७-१ ने जिंकली.

गंमत म्हणजे सुरुवातीला लिव्हरपूलचे खेळाडू निळा-पांढरा शर्ट घालायचे. लाल रंग १८९६ मध्ये आला.

‘कोप’ हे नाव कुठून आलं?

लिव्हरपूलची मॅच बघताना समालोचक ‘द कोप’ हा शब्द सारखा वापरतात. कोप म्हणजे गोलपोस्टच्या मागचा मोठा स्टँड. सगळ्यात जास्त आवाज याच बाजूने येतो.

हे नाव आलंय दक्षिण आफ्रिकेतून. तिथे स्पायन कोप नावाची एक टेकडी आहे. आफ्रिकान्स भाषेत कोप म्हणजे टेकडी. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात या टेकडीवर ब्रिटिश सैन्याचा मोठा पराभव झाला. त्यात लँकेशायर भागातल्या पलटणींचे खूप सैनिक मारले गेले आणि लिव्हरपूल तेव्हा याच लँकेशायरमध्ये होतं.

१९०६ मध्ये क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली. त्याच वर्षी स्टेडियमचे प्रसिद्ध वास्तुरचनाकार आर्चिबाल्ड लीच यांच्या देखरेखीखाली गोलमागे उंच भराव टाकून पायऱ्या बांधल्या गेल्या. तो उंचवटा बघून तिथल्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्याला स्पायन कोप म्हणायचं सुचवलं. ज्या गावाने त्या टेकडीवर आपली मुलं गमावली होती, त्या गावाला ते नाव लगेच पटलं. असं नाव लावणारं ॲनफिल्ड हे पहिलं मैदान नव्हतं, पण जगभर गाजला तो इथलाच कोप.

यात एक भारतीय धागाही आहे. त्या लढाईत जखमींना स्ट्रेचरवरून वाहून नेणाऱ्यांमध्ये नाताळमधल्या भारतीयांचं एक पथक होतं. ते उभं करण्यात पुढाकार होता तिशीतल्या एका वकिलाचा. नाव मोहनदास करमचंद गांधी. स्पायन कोपच्या जखमींना वाहून नेणाऱ्यांमध्ये ते स्वतः होते.

मुंबईपासून तार टाकणाऱ्या जहाजाची डोलकाठी

कोपच्या बाहेर कोपऱ्यावर झेंड्याचा एक उंच पांढरा खांब आहे. मॅचच्या दिवशी लोक त्याच्यापाशी भेटायचं ठरवतात. हा खांब म्हणजे ग्रेट ईस्टर्न या जहाजाची डोलकाठी आहे.

इसंबार्ड किंगडम ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेलं हे जहाज आपल्या काळातलं जगातलं सगळ्यात मोठं जहाज होतं. प्रवासी वाहतुकीत ते तोट्यात गेलं, पण समुद्राखालून टेलिग्राफच्या तारा टाकायला उपयोगी पडलं. १८६६ मध्ये त्याने अटलांटिक महासागराखालून तार टाकली. १८७० मध्ये हेच जहाज मुंबईला आलं आणि त्याने मुंबई ते एडन अशी तार टाकली. मुंबईचा निरोप समुद्रमार्गाने लंडनला काही मिनिटांत पोचू लागला, तो या तारेमुळे.

पुढे लिव्हरपूलजवळ मर्सी नदीकाठी ते जहाज तोडलं गेलं. त्याची एक डोलकाठी ॲनफिल्डवर आली आणि आजही तिथेच उभी आहे.

उभ्याने मॅच बघायचे दिवस

१९२८ मध्ये कोपवर छप्पर आलं. त्या काळात एकट्या कोपवर २५ हजारांहून जास्त माणसं मावायची. मावायची म्हणजे अक्षरशः कोंबली जायची. खुर्च्या नाहीत, पायऱ्यांवर उभं राहायचं. गोल झाला की गर्दीची लाट यायची आणि माणूस दहा पायऱ्या खाली वाहत जायचा.

ॲनफिल्डवरच्या गर्दीचा विक्रम याच काळातला आहे. २ फेब्रुवारी १९५२ ला एफए कपमध्ये वुल्व्ह्जविरुद्धच्या मॅचला ६१ हजार ९०५ लोक होते. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

१९५७ मध्ये फ्लडलाइट आले. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँक्ली मॅनेजर झाले. तेव्हा टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अडकली होती आणि स्टेडियमची रया गेली होती. शँक्लींनी टीम बदलली, तसा क्लबने स्टेडियमलाही हात लावला. मैदानात उतरण्याच्या बोगद्यात ‘धिस इज ॲनफिल्ड’ ही पाटी लागली ती शँक्लींच्याच काळात. आपल्या खेळाडूंना अभिमान वाटावा आणि पाहुण्यांना धडकी भरावी, एवढाच त्यामागचा हिशोब.

याच काळात कोपला गाणं सापडलं. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळ १९४५ च्या एका अमेरिकन संगीतिकेतलं गाणं. १९६३ मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी अँड द पेसमेकर्स या बँडने ते नव्याने गायलं आणि कोपने उचललं. ऑगस्ट १९६४ मध्ये बीबीसीने ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सुरू केला, त्याचा पहिला भाग ॲनफिल्डवरच्या लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल मॅचचा होता.

दोन बहिणी आणि एक घर

ॲनफिल्ड मोकळ्या माळावर बांधलेलं नाही. चारी बाजूंनी चाळीसारखी एकमेकांना चिकटलेली कामगारांची घरं आहेत. त्यामुळे स्टँड मोठा करायचा तर कुणाचं तरी घर घ्यावंच लागतं.

केमलिन रोडच्या बाजूला हेच झालं. क्लबला तिथे दुमजली स्टँड हवा होता. एकेक करत क्लबने त्या रस्त्यावरची घरं विकत घेतली, पण दोन वयस्कर बहिणी आपलं घर सोडायला तयार होईनात. आजूबाजूची घरं पाडली गेली तरी त्यांचं घर उभंच. अख्ख्या युरोपात गाजलेला क्लब त्या एका घरापुढे वर्षानुवर्षं अडून राहिला.

शेवटी १९९० च्या सुमाराला त्या तयार झाल्या. १९९२ मध्ये, क्लबला १०० वर्षं झाली त्या वर्षी, नवीन स्टँड उघडला. म्हणून नाव सेंटेनरी स्टँड. २०१७ मध्ये त्याला केनी डॅलग्लिश यांचं नाव दिलं गेलं. केमलिन रोड मात्र नकाशावरून गेला.

१५ एप्रिल १९८९

ॲनफिल्डचा इतिहास ज्या दिवसाने बदलला, तो दिवस ॲनफिल्डवर घडलेला नाही.

एफए कपची सेमीफायनल होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मॅच शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये. लिव्हरपूलच्या चाहत्यांना गोलमागची उभं राहायची जागा दिली होती. प्रेक्षकांनी मैदानात घुसू नये म्हणून त्या काळी अशा जागांना पुढून आणि बाजूंनी लोखंडी जाळ्या असायच्या.

बाहेर प्रवेशद्वारावर गर्दी तुंबली. पोलिसांनी एक मोठं गेट उघडायला लावलं. आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेले. ते कप्पे आधीच भरलेले होते, पण त्या बोगद्याकडचा रस्ता कुणी बंद केला नाही. मागचे पुढे सरकत राहिले आणि पुढचे जाळीवर चिरडत गेले. मॅच सुरू झाल्यावर सहाच मिनिटांत थांबवली गेली.

या दुर्घटनेत ९७ जणांचा जीव गेला. त्यातल्या शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू तेव्हाच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये झाला.

दुसऱ्या दिवसापासून लोक ॲनफिल्डवर यायला लागले. क्लबने गेट उघडली. कोपच्या पायऱ्यांवर फुलं आणि स्कार्फ ठेवले जाऊ लागले. बघता बघता फुलं कोपवरून खाली उतरून निम्म्या मैदानापर्यंत पसरली.

पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला. एका मोठ्या टॅब्लॉइडने पहिल्या पानावर चाहत्यांबद्दल खोट्या गोष्टी छापल्या. लिव्हरपूल शहरात त्या वर्तमानपत्रावर आजही बहिष्कार आहे. मृतांच्या कुटुंबीयांनी मात्र लढा सोडला नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांनी केलेली लपवाछपवी उघड केली. २०१६ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हे मृत्यू बेकायदा हत्या आहेत आणि चाहत्यांचा काहीही दोष नव्हता. हे ऐकायला २७ वर्षं लागली. पुढे खटला चालला तेव्हा त्या दिवशी बंदोबस्ताची सूत्रं हातात असलेला पोलीस अधिकारी २०१९ मध्ये निर्दोष सुटला.

ॲनफिल्डवर मृतांच्या नावांचं स्मारक आहे. मॅचच्या आधी तिथे थांबणारे लोक आजही दिसतात.

टेलर अहवालाने काय बदललं?

हिल्सबरोनंतर सरकारने न्यायमूर्ती टेलर यांची चौकशी नेमली. जानेवारी १९९० मध्ये अंतिम अहवाल आला. त्यातली मुख्य शिफारस अशी की, मोठ्या स्टेडियममधल्या उभं राहायच्या जागा बंद करा आणि प्रत्येकाला खुर्ची द्या. वरच्या दोन डिव्हिजनच्या क्लबना त्यासाठी ऑगस्ट १९९४ पर्यंत मुदत मिळाली.

३० एप्रिल १९९४ ला कोपवर उभं राहून बघायची शेवटची मॅच झाली. लिव्हरपूल ती नॉर्विचविरुद्ध ०-१ ने हरलं. त्यानंतर जुना कोप पाडला आणि त्या जागी साधारण १२ हजार खुर्च्यांचा नवा कोप आला. जिथे कधीकाळी २५ हजारांवर लोक उभे राहायचे, तिथे निम्म्याहून कमी जागा उरली.

अहवालातला एक मुद्दा मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. खुर्च्या बसवल्या म्हणून तिकिटं महाग व्हायची गरज नाही, असं टेलर यांनी लिहिलं होतं. ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमचं उदाहरण त्यांनी दिलं. तिथे उभ्याचं तिकीट ४ पौंड आणि खुर्चीचं ६ पौंड होतं.

प्रत्यक्षात उलटं झालं. जागा कमी झाल्या, १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू होऊन टीव्हीचा पैसा आला, जगभरातून मागणी वाढली. तिकिटं महागत गेली.

बागेतल्या स्टेडियमचं स्वप्न

दोन हजार साल उजाडलं तेव्हा ॲनफिल्डची क्षमता साधारण ४५ हजार होती. तिकडे मँचेस्टर युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्ड वाढवत नेलं होतं. दर मॅचला हजारो प्रेक्षक जास्त म्हणजे दर मॅचला जास्त कमाई. हा फरक भरून काढायचा तर लिव्हरपूलला मोठं स्टेडियम हवंच होतं.

२००२ मध्ये क्लबने शेजारच्या स्टॅनले पार्कमध्ये नवीन स्टेडियम बांधायचा बेत जाहीर केला. पण पैशांचं गणित जुळेना. फेब्रुवारी २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकन जोडीने क्लब विकत घेतला आणि ६० दिवसांत काम सुरू करायचं आश्वासन दिलं. चकचकीत आराखडे आले, चित्रं छापून आली. स्टेडियम आलंच नाही.

उलट या दोघांनी क्लब घ्यायला काढलेल्या कर्जाचं ओझं क्लबच्याच डोक्यावर बसलं. त्यात २००८ ची मंदी आली. चाहते रस्त्यावर उतरले. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ३०० दशलक्ष पौंडांना क्लब विकला गेला. नवे मालकही अमेरिकनच, आज फेनवे स्पोर्ट्स ग्रुप म्हणून ओळखले जाणारे.

या मंडळींकडे बोस्टनचं फेनवे पार्क हे १९१२ सालचं बेसबॉल स्टेडियम आधीपासून होतं. ते न पाडता त्यांनी सुधारून घेतलं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये लिव्हरपूलसाठीही तोच मार्ग ठरला. ॲनफिल्ड सोडायचं नाही, वाढवायचं.

रिकामी घरं

पण ‘जायचं की राहायचं’ या घोळात जी दहा वर्षं गेली, ती शेजाऱ्यांना सगळ्यात महागात पडली.

मेन स्टँडच्या मागे लोथेअर रोडसारख्या गल्ल्या होत्या. इथली घरं क्लब अनेक वर्षं विकत घेत होता. विस्तार ठरेपर्यंत त्यातली बरीचशी रिकामी राहिली. दारं-खिडक्यांना पत्रे ठोकले गेले. रिकाम्या घरांत चोऱ्या, जाळपोळ, उंदीर. शेजारी राहणाऱ्यांच्या घराच्या किमती पडल्या. मागे राहिलेल्या कुटुंबांचं म्हणणं होतं की, क्लबने गल्ली मुद्दाम ओस पडू दिली आणि मग आम्हाला पडलेल्या भावात घर विकून जायला सांगितलं. २०१३ मध्ये ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ही बाजू मांडली तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली.

२०१३ मध्येच महापालिका आणि क्लब यांनी परिसराच्या पुनर्विकासाचा आराखडा पुढे आणला. राहिलेल्या घरमालकांशी व्यवहार झाले. वेळ पडली तर सक्तीने संपादन करायचा पर्यायही टेबलावर होता. शेवटी घरं पडली आणि स्टँडसाठी जागा मोकळी झाली.

आपल्याकडे चाळीच्या पुनर्विकासात अडकलेल्या कुणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. मोठं काम व्हायलाच हवं होतं यावर बहुतेकांचं एकमत होतं. तक्रार होती ती अधांतरी काढाव्या लागलेल्या वर्षांबद्दल.

मॅच न थांबवता स्टँड कसा बांधला?

डिसेंबर २०१४ मध्ये मेन स्टँडचं काम सुरू झालं. अडचण अशी होती की, जुना स्टँड पाडला तर हजारो तिकिटं बुडणार आणि टीमला दुसरीकडे खेळावं लागणार.

म्हणून नवा स्टँड जुन्याच्या मागे बांधला गेला. जुन्या स्टँडमध्ये लोक बसून मॅच बघत होते आणि त्यांच्या पाठीमागे स्टीलचा सांगाडा वर चढत होता. छप्पर पेलणारी मोठी तुळई क्रेनने वर चढवली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात लीगला सुट्टी लागली तेव्हा जुनं छप्पर काढलं आणि जुन्याचा खालचा भाग नव्या वरच्या मजल्यांना जोडून टाकला.

१० सप्टेंबर २०१६ ला तेव्हाच्या विजेत्या लेस्टर सिटीविरुद्ध नवा स्टँड उघडला. लिव्हरपूल ४-१ ने जिंकलं. सुमारे साडेआठ हजार जागा वाढून एकूण क्षमता ५४ हजारांच्या आसपास गेली. खर्च १०० दशलक्ष पौंडांच्या वर.

७७ वं मिनिट

स्टँड उघडायच्या काही महिने आधी एक वेगळाच सामना झाला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये क्लबने पुढच्या मोसमाचे दर जाहीर केले. नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग साधं तिकीट ७७ पौंडांचं होतं. त्याआधीचं सगळ्यात महाग तिकीट ५९ पौंडांचं.

६ फेब्रुवारीला संडरलँडविरुद्ध मॅच होती. लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठून चालू लागले. अंदाजे १० हजार माणसं मॅच अर्धवट टाकून बाहेर पडली. तेवढ्यात संडरलँडने दोन गोल केले आणि मॅच २-२ अशी बरोबरीत सुटली.

चारच दिवसांत मालकांनी जाहीर माफी मागितली. ७७ पौंडांचं तिकीट रद्द झालं आणि सगळ्यात महाग तिकीट ५९ वरच ठेवलं गेलं. जागा वाढल्या म्हणून आपल्याला हवे ते दर लावता येतील, हा मालकांचा समज प्रेक्षकांनी तिथेच मोडून काढला.

ॲनफिल्ड रोड स्टँड आणि दिवाळखोर कंत्राटदार

पुढचा टप्पा होता दुसऱ्या गोलमागचा ॲनफिल्ड रोड स्टँड. सप्टेंबर २०२१ मध्ये तेव्हाचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांच्या हस्ते काम सुरू झालं. खर्चाचा अंदाज ८० दशलक्ष पौंड आणि वाढणाऱ्या जागा ७ हजार. मागच्या रस्त्यासाठी वळण काढून जागा केली गेली.

२०२३-२४ चा मोसम सुरू होताना सगळं तयार असायला हवं होतं. पण कंत्राट घेतलेली बकिंगहॅम ग्रुप ही कंपनीच आर्थिक संकटात सापडून कोसळली. काम अर्धवट. अनेक सामने वरचा मजला बंद ठेवून खेळावे लागले. दुसऱ्या कंपनीकडे काम सोपवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या मॅचला वरचा मजला काही प्रमाणात उघडला. २०२४ मध्ये काम पूर्ण होऊन क्षमता ६१ हजारांच्या वर पोचली.

तुलनेसाठी सांगायचं तर आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं आहे.

आजचं ॲनफिल्ड एका नजरेत

- मेन स्टँड: सुमारे साडेवीस हजार जागा. २०१६ मध्ये विस्तार.
- ॲनफिल्ड रोड स्टँड: सुमारे १६ हजार जागा. २०२१ ते २०२४ मध्ये विस्तार.
- कोप: सुमारे १२ हजार जागा. १९९४ नंतर पूर्ण खुर्च्यांचा.
- सर केनी डॅलग्लिश स्टँड: सुमारे पावणेबारा हजार जागा. १९९२ मध्ये दुमजली.
- मैदान: १०१ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. आजूबाजूला जागा नसल्यामुळे अनेक मोठ्या मैदानांपेक्षा लांबीला थोडं कमी.

पुन्हा उभं राहायचं?

२०२१ मध्ये कोपच्या काही भागात रेल सीट बसवल्या गेल्या. यात प्रत्येक रांगेत खुर्चीसमोर कमरेएवढा भक्कम लोखंडी कठडा असतो. माणूस उभा राहिला तरी पुढे कोसळत नाही आणि गर्दीची लाट तयार होत नाही.

दुसऱ्या कुठल्याही शहरात ही साधी सोय ठरली असती. लिव्हरपूलमध्ये हा विषय काढणंसुद्धा जड होतं. हिल्सबरोत आपलं माणूस गमावलेल्या काही कुटुंबांना उभं राहायची कल्पनाच मान्य नव्हती. दुसरीकडे, लोकांचा जीव उभं राहिल्यामुळे नाही तर जाळ्या, चुकीचा बंदोबस्त आणि निष्काळजीपणामुळे गेला, असंही अनेक जण म्हणत होते. २०१७ मध्ये स्पिरिट ऑफ शँक्ली या चाहत्यांच्या संघटनेने आधी चर्चा घडवली आणि मग मतदान घेतलं. मोठं बहुमत सुरक्षितपणे उभं राहायच्या बाजूने पडलं.

शेजारी गेले, ॲनफिल्ड राहिलं

२०२५ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. १३३ वर्षं गुडिसन पार्कवर खेळलेल्या एव्हर्टनच्या पुरुष संघाने ते मैदान सोडलं आणि मर्सीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये मुक्काम हलवला. गुडिसन आता त्यांच्या महिला संघाचं घर आहे. भाड्यावरून वाजलं म्हणून १८९२ मध्ये जे बागेपलीकडे गेले, ते आता त्या भागातूनच बाहेर पडले.

लिव्हरपूल मात्र जुन्याच जागी राहिलं. त्याची कमाई आता फक्त मॅचवर अवलंबून नाही. जून २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे सलग तीन कार्यक्रम इथे झाले. क्लबचे चाहते जगभर आहेत. आपल्या पुण्यातही काही वर्षांपूर्वी डीएसके शिवाजियन्ससोबत लिव्हरपूलची निवासी अकादमी सुरू झाली होती.

स्टेडियमच्या भोवतीचा ॲनफिल्ड हा भाग मात्र अजूनही इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांमध्ये मोजला जातो. २०१५ पासून लिव्हरपूल आणि एव्हर्टनचे चाहते मिळून मॅचच्या दिवशी स्टेडियमबाहेर गरजूंसाठी धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करतात. मैदानात दोघांचं वैर, बाहेर एकच गाडी.

पुढच्या वेळी लिव्हरपूलची मॅच बघताना कॅमेरा वरून फिरला, तर मेन स्टँडच्या मागे मोकळं, फरसबंद आवार दिसेल. चाहते तिथे फोटो काढतात, मुलं बॉल मारतात. लोथेअर रोडची घरं त्याच बाजूला होती.